माजाच्या निरोपासाठी सर्व्हर

आमची महिला दूध उत्पादक संस्था नेवासा तालुक्यात आहे, कॅनॉलच्या कडेला. मी तिची सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचे, फॅट लावायची, पावत्या द्यायच्या, पेंडीची पोती उतरवून घ्यायची, आणि मधल्या वेळेत बाकीचे सगळे करायचे, असे या पदाचे स्वरूप आहे. मधल्या वेळेतल्या कामांची मी यादी ठेवते. यादी फळ्यावर असते, म्हणजे दूध घालायला आलेल्या बायकांनाही कळते की माझ्याकडे गप्पांना वेळ नाही. गेल्या वर्षी त्या फळ्यावर "गोदामातले उंदीर" आणि "वजनकाट्याची दुरुस्ती" यांच्या मध्ये मी "चॅट सर्व्हर बसवणे" असे लिहिले. उंदरांचे काम अजून बाकी आहे.

सर्व्हर लागला तो गायींच्या माजामुळे. सकाळी गाय माजावर दिसली तर संध्याकाळी तिला कांडी भरायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कांडी म्हणजे गोठवलेले वीर्य. ते डॉक्टर मोटारसायकलला बांधलेल्या टाकीतून आणतात. वेळ हुकली की पुढच्या माजापर्यंत तीन आठवडे थांबावे लागते, आणि त्या तीन आठवड्यांत गाय खायची काही थांबत नाही. आमच्या भागाला डॉक्टर एक आहेत आणि गावे भरपूर. त्यांना फोन करून उपयोग नसतो, कारण त्यांचा हात दिवसातला बराच वेळ कुठल्यातरी गायीच्या आत असतो. म्हणून लेखी निरोपाची सोय पाहिजे होती, आणि त्यासाठी सगळ्यांच्या मोबाईलवर जसा असतो तसा एक ग्रुप होता.

ग्रुप काढला होता चेअरमननी. संस्था महिलांची असल्यामुळे अध्यक्ष महिलाच आहेत. त्यांना सगळे चेअरमनबाई म्हणतात. चेअरमन म्हणतात ते त्यांच्या मालकांना. चेअरमनबाई दूध घालतात, सह्या करतात आणि बैठकीत बसतात. चेअरमन मंडप-डेकोरेशनचा धंदा करतात आणि उरलेले चेअरमनपद सांभाळतात. ग्रुपवर ते रोज उगवत्या सूर्याचे चित्र टाकत. त्याला उत्तर म्हणून बाकीचे आपापला सूर्य टाकत. दुपारपर्यंत ग्रुपवर बरेच सूर्य जमा होत, आणि त्यांच्या मधे कुठेतरी एखादी गाय माजावर आलेली असे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची गाय अशीच सापडली नाही.

आम्ही वेगळे राहतो. मी गावात, जाऊबाई आणि थोरले दीर कॅनॉलपलीकडच्या वस्तीवर. त्या गायीची आई वितानाच मेली, तेव्हा जाऊबाईंनी वासराला बाटलीने दूध पाजून वाढवले. पहिल्या वेताला गाय चांगली चालली. नंतर मात्र ती गाभण राहीना. कांडी भरायची, तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर यायची. याला आमच्याकडे गाय उलटली म्हणतात. त्यातून तिचा माज मुका. ओरडत नाही, उड्या मारत नाही. फक्त वैरण अर्धी ठेवते आणि भिंत चाटत बसते. ते जाऊबाईंना कळते, बाकी कोणाला कळत नाही. एके सकाळी तिने भिंत चाटायला घेतली, जाऊबाईंनी ग्रुपवर तसे कळवले, आणि नेमका त्याच दिवशी चेअरमनच्या नातवाचा वाढदिवस होता. डॉक्टरांनी निरोप पाहिला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, केकच्या फोटोंखाली. जाऊबाईंच्या निरोपाला तोवर तीन जणींनी "अभिनंदन" म्हटले होते.

संध्याकाळी दीर दुधाची किटली घेऊन केंद्रावर आले. वस्तीवरचे दूध तेच आणतात. जाऊबाईंना कॅनॉल ओलांडून दोन वेळा येणे जमत नाही.

"एक डाव बघायचं," ते म्हणाले. "पुढच्या माजाला राहिली तर राहिली. न्हाई तर घोडेगावच्या बाजारात. व्यापारी घरी येऊन बघून गेलाय."

"बाई काय म्हणतात?" मी विचारले. जाऊबाईंना मी बाई म्हणते.

"ती मला कुठं काय म्हनती. ती गाईशी बोलती."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ग्रुप सोडला. त्यावर एकीने घाईत "भावपूर्ण श्रद्धांजली" असे लिहिले.

मी आधी नियम करून पाहिले. ग्रुपवर फक्त जनावरांविषयी लिहावे, असा पहिला नियम टाकला. त्यावर चेअरमननी अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी गायीच्या पाठीमागून उगवणारा सूर्य टाकला. तेव्हा मी बैठकीत विषय ठेवला की संस्थेने स्वतःचा सर्व्हर बसवावा. संस्थेचाच जुना कॉम्प्युटर, लिनक्स फुकट, चॅटचा प्रोग्रामही फुकट मिळतो. तो आपल्याच खोलीत चालेल, आपण ज्यांना घेऊ तेच आत येतील, आणि माजासाठी, आजारासाठी, पेंडीसाठी वेगवेगळे कप्पे करता येतील.

चेअरमन बैठकीत दाराशी बसतात, कारण ते सभासद नाहीत. तिथून ते म्हणाले, "ग्रुप हाय की. चालू हाय. मग दुसरा कशाला?"

"डॉक्टर नाहीत त्यात," मी म्हणाले.

"बोलवू त्यांना परत. मी फोन करतो."

"ते फोन उचलत नाहीत."

चेअरमनबाईंनी ठरावाचे रजिस्टर पुढे ओढले, सही केली आणि मालकांना म्हणाल्या, "चहा सांगा जावा."

माझ्या हाताशी तीन आठवडे होते, खरे तर त्याहून कमी. फळ्यावर मी तारीख लिहिली नाही, पण रोज सकाळी दीर किटली ठेवताना "झालं का?" एवढेच विचारत, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न नव्हता.

मी कॉम्प्युटर शिकले ते संस्थेच्या पावत्या काढण्यापुरते. लिनक्सबद्दल मला एवढेच माहीत होते की त्यात व्हायरस येत नाही. बाकीचे मी इंटरनेटवरून छापून घेतले, क्रमाने लावले आणि दुपारी, सकाळचे दूध टेम्पोत गेल्यावर, एकेक पायरी करत गेले. श्रीरामपूरला पावतीचे कागद आणायला गेले होते, तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यावर लिनक्स घातले, जुन्या कॉम्प्युटरला लावले, आणि त्याने विचारले की डिस्कवरचे सगळे पुसू का. सगळे म्हणजे आधीच्या सचिवांनी जमवलेली भजने. मी हो म्हटले.

लिनक्सच्या सर्व्हरला चित्रे नसतात. काळा पडदा असतो आणि त्यावर आपण लिहायचे. पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मला पहिल्या दिवशी वाटले कीबोर्ड बिघडला. दुसरा कीबोर्ड लावला, त्यानेही काही दिसेना, तेव्हा कळले की ते तसेच असते. पुढे चॅटचा प्रोग्राम आणि त्याचा डेटाबेस उतरवला. मग एक सेटिंगची फाइल भरायची होती. त्या फाइलमध्ये ओळ किती जागा सोडून सुरू करायची याला अर्थ असतो. एका ओळीत मी एक जागा कमी सोडली, तर सर्व्हर सुरूच होईना. आणि चूक काय आहे ते सांगण्याऐवजी त्याने पानभर इंग्रजी लिहिले. त्या पानभर इंग्रजीत मतलबाची गोष्ट एका ओळीच्या नंबराएवढी होती. तो नंबर शोधायला एक दुपार गेली. कागदावरच्या नमुन्यात जिथे "तुमचा पत्ता इथे" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते, तिथे मी तेच शब्द जसेच्या तसे लिहिले होते, हे पुढच्या दुपारी लक्षात आले.

पुढची पायरी बाहेरून आत येण्याचा रस्ता. त्यासाठी इंटरनेटच्या राउटरमध्ये पोर्ट उघडावे लागते, म्हणजे भिंतीला खिडकी पाडल्यासारखे. केबलवाल्याला फोन केला.

"मॅडम, पोर्ट कशाला पाहिजे? कॅमेरे बसवताय का?"

"नाही. गायी माजावर आल्याचे निरोप घ्यायचे आहेत."

 "कुठलं पोर्ट?" त्याने विचारले.

पोर्ट उघडले. सर्व्हरसाठी इंटरनेटवरचा पत्ता घेतला, निरोप वाटेत कोणी वाचू नयेत म्हणून त्या पत्त्याला कुलपाचे प्रमाणपत्र लावले. कॉम्प्युटर आणि राउटर फॅट मशीनच्या इन्व्हर्टरवर जोडले आणि वीज गेली तर परत आल्यावर आपोआप सुरू होईल असे करून ठेवले. मी माझ्या मोबाईलवरून "नमस्कार" असे लिहिले आणि ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उमटले. मी तिथे उत्तर दिले, "नमस्कार". ते मोबाईलवर आले. खोलीत दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी दार लावून घरी जेवायला गेले.

खरी अडचण सभासदांना आत घेण्याची होती. सर्व्हरला प्रत्येकीसाठी एक असे नाव लागते जे दुसऱ्या कोणाचे नसेल. आमच्या गावात निम्म्या घरांचे आडनाव एकच आहे, आणि लग्नानंतर ठेवलेली नावेही दोन-चारच आहेत. म्हणून मी दुधाच्या रांगेत सांगितले, "ज्याच्यासारखा दुसऱ्या कोणाचा नाही असा आपला एक नंबर प्रत्येकीने सांगा." माझ्या डोक्यात मोबाईल नंबर होता. पण मोबाईल बहुतेकींच्या मुलाच्या नावावर, आधारकार्ड मालकांच्या खिशात. बायकांना स्वतःचा म्हणून तोंडपाठ असलेला नंबर एकच होता, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा. तो त्या दोन वेळा धार काढताना बघतात, विम्याच्या कागदावर तोच लिहितात, औषधाच्या चिठ्ठीवर तोच. एकीने बिल्ल्याचा नंबर सांगितला, मागचीला वाटले तोच विचारताहेत, आणि रांग तशीच पुढे सरकत राहिली. मी एका हाताने सॅम्पल घेत होते आणि दुसऱ्या हाताने नंबर लिहीत होते. आकडे जास्त आहेत असे एकदा वाटले होते.

दुपारी सगळी खाती उघडून झाली, आणि यादीवरून नजर फिरवताना माझ्या ध्यानात आले की माझ्या सर्व्हरवर एकही बाई नाही. सगळ्या गायी आहेत, आणि दोन म्हशी.

मी डॉक्टरांना केंद्रावर गाठले. त्यांना सांगितले की खाती पुसून पुन्हा करावी लागतील, चूक झाली आहे.

डॉक्टर कमी बोलतात. त्यांनी यादी खालपर्यंत पाहिली. "राहू द्या," ते म्हणाले.

"अहो, गायींच्या नावावर खाती आहेत."

"मला बाईंशी काय काम आहे? बाई कोण ते मला गोठ्यात गेल्यावर कळतं. गाय कोणती ते आधी कळलं पाहिजे. किती वेळा उलटली, कुठली कांडी भरली होती, सगळं बिल्ल्यावर आहे." मग ते टाकी मोटारसायकलला बांधत म्हणाले, "मी येतो परत. सूर्य मात्र नको."

तेव्हा खाती तशीच राहिली. ज्यांच्याकडे दोन गायी त्यांची दोन खाती. निरोप आला की वर बारा आकडे दिसत आणि शेजारी "लिहीत आहे" असे इंग्रजीत येई. ज्या बायकांना लिहिणे जड जाते त्या बोलून निरोप पाठवत. लोकांना याचे आश्चर्य फार दिवस वाटले नाही. रांगेत मला ऐकू येई, "तुझ्या गाईनं काल पेंडीबद्दल लई वाईट लिव्हलं." "मग पेंड तशीच हाय."

प्रत्येकीच्या फोनमध्ये ॲप मीच घातले. फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सवयीमुळे निरोप वेळेवर वाजत नाहीत, म्हणून प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सवय मोडली. सर्व्हर रोज सकाळी डॉक्टरांना आदल्या दिवसाच्या निरोपांची यादी मेल करी. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "मॅडम, तुमच्या गावात लोक मध्यरात्री गोठ्यात काय करतात?" सर्व्हरचे घड्याळ परदेशातले होते. पहाटेच्या धारेच्या वेळचे निरोप तो रात्री साडेबाराचे म्हणून सांगत होता. ते सरळ करणे सगळ्या कामातले सोपे काम निघाले.

चेअरमनना खाते मिळाले नाही. ते मागायला आले होते.

"बिल्ला सांगा," मी म्हणाले.

"गाय आमच्या बाईच्या नावावर हाय. तिनं सांगितला तो नंबर."

"मग तुमचे जनावर कोणते?"

त्यांनी विचार केला. "मांडवाचे खांब हायत," म्हणाले, आणि गेले.

जाऊबाईंच्या गायीने ठरल्या वेळेला भिंत चाटायला घेतली. सकाळी धारेच्या वेळी माजाच्या कप्प्यात तिचे बारा आकडे आले आणि खाली जाऊबाईंनी लिहिले होते: "चाटती. वैरन ठेवली. बळस काचेवानी." बळस म्हणजे माजावरच्या गायीचा चिकट स्राव, तो काचेसारखा स्वच्छ असला की माज खरा. डॉक्टरांनी तासाभरात उत्तर दिले, "संध्याकाळी येतो," आणि ते संध्याकाळी गेले. मी पावत्या काढत होते तेव्हा त्यांचा दुसरा निरोप आला, "कांडी भरली." त्या दिवशी कप्प्यात आणखी काही नव्हते, एक सूर्यसुद्धा नव्हता.

इथपर्यंत सर्व्हरचे काम निरोप आणण्याचे होते. आता निरोप न येण्याची वाट बघायची होती. तीन आठवड्यांच्या सुमारास गाय पुन्हा चाटायला लागली तर ती उलटली, आणि मग घोडेगाव. नाही चाटली तर बहुधा राहिली. म्हणजे जाऊबाईंच्या नंबरावरून काहीच न येणे ही चांगली बातमी. जाऊबाई हे समजून होत्या. त्या दिवसांत त्यांनी पेंडीच्या कप्प्यातही लिहायचे बंद केले. मी सहज विचारले, "बाई, पेंड पाहिजे का?" तर उत्तर दिरांकडून तोंडी आले, "ती म्हनती, फोन वाजवू नका, धसका बसतो."

दीर स्वतः रोज विचारत. "आला का काही निरोप?"

"नाही."

"बरं," म्हणत, आणि ते बरे कशाबद्दल ते कळत नसे. घरी विचारा म्हटले तर म्हणत, "मला सांगल व्हय ती? मला कळलं की मी व्यापाऱ्याला फोन करीन, असं तिला वाटतं."

"कराल का?"

"करायलाच लागंल की. एक डाव म्हनलं हुतं."

नेमके तेव्हाच गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. गावठाण आणि वस्ती दोन्हीकडची वीज गेली. नवीन डीपी यायला वेळ लागतो, हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे कोणी चिडत नाही. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी सकाळी संपला. फॅट मशीन बंद, वजनकाटा बंद, सर्व्हर बंद. दूध मापाने घेतले. काळ्या पडद्यापुढे बसून मी विचार करत होते की आता जाऊबाईंचा निरोप आला नाही तर त्याचा अर्थ काय धरायचा. गाय गप्प आहे की सर्व्हर गप्प आहे, हे बाहेरून सारखेच दिसते. वस्तीवर फोन लावला तर लागेना. तिकडे चार्जिंग नव्हते. चालत जावे तर संध्याकाळच्या दुधाची वेळ. आणि बायका किटल्या ठेवता ठेवता विचारत होत्या, "थोरलीच्या गाईचं काय कळलं?"

चेअरमन तेवढ्यात आले ते टेम्पोत जनरेटर घालून. लग्नाला लावतात तो.

"मशीन चालू करा," ते म्हणाले. "दूध मापानं घ्यायचं म्हंजे भांडनं हुतील."

मी आभार मानले. फॅट मशीनची वायर जोडली, काट्याची जोडली, राउटरसकट सर्व्हरची जोडली. ते तिसऱ्या वायरीकडे बघत उभे राहिले.

"ह्यो तुमचा सर्व्हर का?"

"हो."

"मग आता मला घ्या त्यात."

"नंबर?"

त्यांनी वाकून जनरेटरच्या पत्र्यावरचा नंबर वाचून दाखवला. तो दुसऱ्या कोणाचा नव्हता. मी खाते उघडले आणि त्यांच्यासाठी "शुभेच्छा" नावाचा वेगळा कप्पा केला, ज्यात डॉक्टर नाहीत.

सर्व्हर सुरू झाल्यावर अडकलेले निरोप भराभर आले. एक गाय माजावर, एका म्हशीचा सड सुजलेला, पेंड कधी, लाईट कधी. जाऊबाईंचे बारा आकडे त्यात नव्हते.

जनरेटर चालू आहे हे कळल्यावर लोक किटलीबरोबर फोनही घेऊन आले. टेबलावर फोनच फोन झाले, आणि कोणता कोणाचा हे कळावे म्हणून मी प्रत्येकावर पावतीचा तुकडा चिकटवला. दीर आले. त्यांनी किटली ठेवली आणि खिशातून जाऊबाईंचा फोन काढला.

"ह्यो लावा चार्जला. बंद पडलाय."

"बाईंनी काही सांगितलंय का?"

"सांगितलं की. म्हनली, पडू देऊ नका."

मी फोन लावला. दीर घरी गेले नाहीत. टेबलाला टेकून उभे राहिले. मागे रांग होती, पण रांगेने घाई केली नाही. थोड्या वेळाने फोन उजळला, मग एकामागून एक वाजायला लागला. बाहेरचे निरोप आत येत होते. ते थांबले. मग एक न गेलेला निरोप, जो वीज नसताना त्यातच अडकून बसला होता, तो बाहेर निघाला, आणि माझ्या मोबाईलवर बारा आकडे आले. माजाचा कप्पा. बोललेला निरोप होता.

मी मोबाईल हातात धरून उभी राहिले.

"वाजवा की," दीर म्हणाले.

"दादा, बाईंचा निरोप आहे. डॉक्टरांसाठी."

"नाव कुनाचं हाय त्याच्यावर?"

"बिल्ल्याचा नंबर आहे."

"मग गाईचा हाय. गाय माझ्या दावनीला हाय. वाजवा."

 खाते खरोखरच गायीचे होते, आणि ते मी उघडले होते. मी वाजवला. मागे कोंबडा ओरडत होता आणि जाऊबाई नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होत्या, डॉक्टर लांब आहेत म्हणून.

"डॉक्टरसाहेब, तारीख हुन गेली. चाटली न्हाई. वैरन समदी खाती, वर भांडन करती. मी दोन दीस बघितलं मंग सांगती. तपासाया कवा येता त्ये लिव्हा. तपासल्याबिगर आमच्या ह्यांच्या कानावर घालू नका. त्यांना काय, व्यापारी आला की च्या पाजत्यात."

रांगेत कोणीतरी खोकले. दीर टेबलाकडे बघत होते.

"च्या तिनंच केला हुता," ते म्हणाले. आणि वर, "साखर घातली न्हाई."

फोन अर्धा भरेपर्यंत ते थांबले, आणि मग तो खिशात घालून, खिशावर हात ठेवून गेले.

एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टरांनी लगेच लिहून कळवले. न चाटणे म्हणजे गाभण असणे नव्हे. तपासणीला आणखी दोन महिने. त्या दोन महिन्यांत व्यापारी एकदा वस्तीवर येऊन गेला, असे मला दिरांनीच सांगितले. गाय पुढल्या महिन्यात नेतो म्हणाला, भाव बोलून ठेवला. दिरांनी हो-नाही काही केले नव्हते. "तपासून हुं दे," म्हणाले होते.

तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांबरोबर वस्तीवर गेले. कागदपत्रे भरायची होती, असे मी फळ्यावर लिहिले होते. जाऊबाईंनी गाय बांधून तिच्या तोंडापुढे घास ठेवला होता आणि एक हात तिच्या गळ्याखाली धरला होता. दीर गव्हाणीपाशी उभे होते. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, साबण लावला आणि हात घातला. ते कुठेतरी लांब, कॅनॉलच्या दिशेने बघत होते, जसे ते नेहमी बघतात.  गाय घास खात होती.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

जाऊबाई गायीला म्हणाल्या, "ऐकलं का."

"नीट हाय का?" दिरांनी विचारले.

"नीट आहे. तीन महिन्यांचं आहे. आता हिला पळवू नका, टेम्पोत घालू नका."

डॉक्टरांनी हात धुतला, मोबाईल काढला आणि जाऊबाईंच्या देखत, दोन हातांच्या अंतरावरून, बिल्ल्याच्या नंबराखाली "गाभण" असे लिहिले. घरात जाऊबाईंचा फोन वाजला. त्या आत जाऊन तो घेऊन आल्या आणि त्यातले अक्षर न् अक्षर वाचून पुन्हा गायीच्या गळ्याखाली हात घालून उभ्या राहिल्या.

दीर अंगणाच्या कडेला गेले आणि त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. आम्हाला त्यांचेच बोलणे ऐकू येत होते.

"हां, रामराम. त्या गाईचं. न्हाई, सध्या द्यायची न्हाई. व्हय, राहिली. बरं. बरं. ठेवतो."

फोन त्यांनी खिशात घातला.

"सध्या कशाला म्हनलं?" जाऊबाई गोठ्यातून म्हणाल्या.

 दिरांनी खिशातून फोन परत काढला, चष्मा वर केला आणि तोच नंबर पुन्हा लावला.